कोरडे आटे

आमच्या ह्यांच्या नाकावर माशी बसलेली चालत नाही, हे मला लग्नाआधी कुणीतरी सांगायला हवं होतं. बंदराच्या पंपघरात ते फिटर होते. हाताखालच्या कुणी अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यात स्टेनलेसचा बोल्ट कोरडाच पिळलेला दिसला, की सगळ्यांदेखत तो काढायला लावायचे. "दोन वेगळे धातू, वरून खारं पाणी. अ‍ॅल्युमिनियम आतल्या आत खाल्लं जातं, पांढरी भुकटी होऊन फुगतं आणि बोल्टला धरून बसतं. मग ये तुझ्या आजोबांना घेऊन काढायला!" बोल्ट असा धरून बसू नये म्हणून त्याच्या आट्यांना, म्हणजे पिळाच्या खाचांना, लावायचं एक रुपेरी मलम असतं. त्याची डबी कायम ह्यांच्या खिशात. माझ्या उशांचे अभ्रे, टॉवेल, एकुलती एक रेशमी साडी, सगळ्यांवर त्याचे डाग आहेत. कुठल्याच साबणाने ते गेले नाहीत.

मग एके दिवशी पंपाचं धूड साखळीतून सुटलं आणि ह्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. पाठोपाठ नोकरी गेली.

नवा पाय ज्यांनी बसवला त्यांना आम्ही घरात पायवाल्या बाई म्हणतो. वर मांस उरलंय तिथे घट्ट बसणारी खोबण, तिच्याखाली नळी, नळीच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियमचं कडं आणि त्यात रबरी पाऊल. कड्याला चार बाजूंनी चार बारके, बिनडोक्याचे स्क्रू. एक सैल करून समोरचा आवळला की पाऊल तिकडे कलतं, आणि माणूस सरळ उभा राहतो की तोंडावर पडतो ते त्यावर ठरतं. बाईंनी बजावलं होतं, "ह्या स्क्रूंना हात लावायचा नाही. चप्पल सोडून बूट घालायचे झाले तर माझ्याकडे या. टाचेची उंची बदलली की इथे बदलावंच लागतं."

"बरं बाई," हे म्हणाले. असं गोड बोलले की मी तिथेच ओळखलं, घरी पोचेपर्यंतसुद्धा धीर धरणार नाहीत.

घरी कॉटवर बसून पाय मांडीवर घेतला आणि सुरू. जरा पुढे, जरा मागे, उभं राहा, बसा, शिव्या द्या, परत सैल करा. त्यात बाईंचा एक स्क्रू कपाटाखाली गेला तो गेलाच. ह्यांनी आपल्या डब्यातले स्टेनलेसचे चार काढले, जुने फेकून दिले. शेवटी एकदा उठले आणि स्वयंपाकघरापासून दारापर्यंत कशाला न धरता चालत गेले. मी ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडले. मला रडताना बघून त्यांनाही भरून आलं, आणि ते लपवायला ते माझ्यावरच खेकसले, "रडतेस काय, अ‍ॅलन की दे!"

ते स्क्रू पिळायची ती बारकी चावी दिली. सवयीने मलमाची डबीही पुढे केली.

"ते नको."

"अहो, तुम्हीच तर..."

"परत उघडायचं असतं त्याला मलम. हे आता उघडायचं नाही. जमलं ते जमलं. मला जन्मभर कुणाचं दुरुस्तीकाम होऊन राहायचं नाही."

चारही स्क्रू कोरडेच पिळले. मी डबी मिटून ठेवली. दारापर्यंत चालत गेलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते धक्क्याच्या भिंतीवर चालायला जायचे. जुने सोबती भेटायचे, टोमणे मारायचे, हेही परत द्यायचे. लाटेचं पाणी घोट्यापर्यंत उडायचं. घरी येऊन फडक्याने पुसायचे. गोड्या पाण्याने धुवा म्हटलं, तर म्हणायचे, "स्टेनलेस आहे गं, गंजत नाही." स्क्रूपुरतं ते खरंच होतं.

असे सात-आठ महिने गेले आणि एका शुक्रवारी माझे धाकटे दीर धापा टाकत आले. तेही पंपघरातच आहेत. हातात बुटांचं खोकं. "दादा, मुकादम तयार झालाय! सोमवारी यायचं. टाकीची शिडी चढायची, वरचा जोड आवळायचा, खाली यायचं. जमलं तर तुझी जागा तुला. नाही जमलं तर दुसरा माणूस बघून ठेवलाय त्यांनी. बूट मात्र हेच. पायात नसले तर फाटकातून आत सोडणार नाहीत."

ह्यांचा चेहरा मी किती दिवसांनी तसा पाहिला. खोकं उघडून त्यांनी बुटांचा वास घेतला.

बूट जाड टाचेचे. घालून उभे राहिले मात्र, मागून कुणी गुडघ्याला ढोपर मारावं तसे पुढे आले आणि माझ्या अंगावर कोसळले. आम्ही तिघेही हसलो. "पंजा जरा खाली कलवायला हवा, एवढंच. तू चहा ठेव, तोवर होतंय."

चहा झाला, गार झाला. मी पुन्हा गरम केला. बाहेर येऊन बघते तर चावी हातात तशीच आणि हे कड्याकडे बघत बसलेले. स्क्रूंच्या भोवती पांढरी भुकटी फुलली होती. मला ती आधी अंगाला लावायची पावडरच वाटली. ह्यांना ती काय आहे हे सांगायची गरज नव्हती. अख्खं आयुष्य दुसऱ्यांना तेच ओरडून सांगण्यात गेलं होतं.

"दादा, तेल सोडू या," दीर म्हणाले.

तेल सोडलं. रात्रभर मुरू दिलं. शनिवारी चावीला पाइप लावून जोर केला. स्क्रू हलला नाही, चावी बसायचं त्याचं सहाकोनी भोक तेवढं झिजून गोल झालं. आच द्यावी तर पाऊल रबराचं, वितळून जाईल. पायवाल्या बाईंना फोन लावला. त्या कुठल्याशा शिबिराला गेलेल्या, सोमवारनंतर येणार. "जोर करू नका, आहे तसा राहू द्या, मी आल्यावर बघते," म्हणाल्या. दीर मुकादमाकडे जाऊन आले. एक दिवससुद्धा पुढे ढकलणार नाही म्हणाला.

"बुटाची टाचच कापू या ना," मी म्हटलं. "दोन्हींची. कोण बघतंय?"

"मुकादम बघतो. तळ कापलेला बूट तो फाटकावरूनच परत करतो." मग हळूच म्हणाले, "मीही करायचो."

रविवारी ड्रिल काढलं. धरायला मी. नवऱ्याचा पाय मांडीवर घेऊन बसले, आणि नवरा समोर स्टुलावर, हातात ड्रिल. आम्हाला कुणी पाहिलं असतं तर पोट धरून हसलं असतं. दोन स्क्रू भोक पाडून निघाले. ह्यांच्या कपाळावर घाम आणि ओठांवर जरासं हसू आलं. तिसऱ्यात ड्रिलचं टोक घसरलं, तुटलं, आतच राहिलं. मग छिन्नी घेतली. "हळू हो," मी म्हणत होते. ते हळूच मारत होते, खरंच. तिसऱ्या-चौथ्या घावाला कट् असा आवाज आला. फार मोठा नव्हता. कडं उभं चिरलं आणि पाऊल बुटासकट खाली पडलं.

 शेजारी बॅटरी धरून उभे असलेले दीर म्हणाले, "दादा, वेल्डिंगवाल्याकडे नेऊ का?"

"इतकं पातळ अ‍ॅल्युमिनियम? आणि त्यावर उभा राहून शिडी चढू?"

सोमवारी दिरांनी बूट परत नेऊन दिले. संध्याकाळी आले ते दारातच घुटमळले. जागा भरली होती. नवा माणूस हुशार आहे, भराभर चढला, म्हणाले. "पुढे कधी जागा निघाली तर..."

"हो, हो," हे म्हणाले. "चहा घेऊन जा."

ते गेल्यावर ह्यांनी मला कपाटावरच्या कुबड्या काढायला सांगितल्या. अ‍ॅल्युमिनियमच्याच. उंची धरणारे त्यांचे बोल्ट गंजून गेले होते. ह्यांनी ते काढले, उंची जुळवली आणि डब्यातले नवे स्टेनलेसचे निवडले. मी डबी आणून शेजारी ठेवली.

"नको," ते म्हणाले. "परत उघडायचं असतं त्याला मलम."

माझं डोकंच फिरलं. "का नाही उघडायचं? सकाळी फोनवर बाई म्हणाल्यात ना नवं कडं मागवते म्हणून! पाय येईल, तुम्ही चालाल, ह्या कुबड्या कुणाला तरी देऊन टाकू! शिडी नाही तर नाही, धक्का आहे ना!" मी बोटभर मलम काढलं आणि त्यांच्या हातातल्या बोल्टला फासलं. दुसऱ्यालाही फासलं. माझी बोटं, त्यांची बोटं, चादर, सगळं रुपेरी झालं.

ते चिडले नाहीत. मला वाटलं होतं खेकसतील, तेवढ्यासाठीच बहुतेक मी ओरडत होते. त्यांनी फडकं ओढून घेतलं आणि एकेक आटा नखाने कोरून पुसायला लागले. दोन्ही बोल्ट लख्ख कोरडे झाले. मग त्यांनी ते कुबड्यांना लावले आणि हाताची शीर तटतटून येईपर्यंत आवळले.