बाबांनी बुजवलेल्या फटी

बाबांचा जन्म गवंडीकामात गेला. त्यांनी बांधलेल्या टाकीतून कधी थेंब पाझरला नाही, हे ते पाहुण्यांना चहाआधी सांगतात. माझं काम नेमकं उलटं, पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं. आमच्या अंगणात मी जुन्या विटांच्या चुऱ्याचे ठोकळे बसवून घेतले आणि मधल्या फटींत नुसती बारीक खडी भरली, म्हणजे पाणी तिथूनच खाली उतरेल.

मी चार दिवस बाहेरगावी कामावर जाऊन आले, तर फटी गायब. बाबांनी त्या सिमेंटनं भरल्या होत्या, त्याही इतक्या सुबक की नीट रागावताही येईना.

"तुझी माणसं काम अर्धवट टाकून गेली होती," ते म्हणाले. "म्हटलं, तुझं नाव खराब व्हायला नको."

दुपारी पाऊस आला आणि पाणी थेट उंबऱ्याला लागलं. आई चपला उचलत म्हणाली, "टाकी मात्र झकास झालीय हो."

पाऊस थांबल्यावर बाबा छिन्नी-हातोडी घेऊन बसले आणि आपलंच सिमेंट उकरू लागले. मी मदतीला गेले, तर माझा हात झटकला. पहिली फट मोकळी झाली तशी तिच्यात खडी भरून त्यांनी वर तांब्याभर पाणी ओतलं. ते बघता बघता दिसेनासं झालं. त्यांनी आणखी एक तांब्या ओतला.

"पटलं ना आता, बाबा?"

"पटलं. पण गळताना बघवत नाही," ते म्हणाले आणि तिसरा तांब्या भरायला उठले.