माह्या पोटातला गॅस

मी फ्रीजर हावो, मित्रांनो. आडवा, पांढरा, आता बुडाले गंज चढलेला. महागावच्या स्टँडापाशी कोकिळाबाईच्या दही-लस्सीच्या दुकानात चौदा उन्हाळे काढले मी.

नवा व्हतो तव्हा लय मान व्हता. तांड्यावरून येनाऱ्या बाया माह्या झाकनाले गाल लावत. "कसा गारेगार हाय वं माय," म्हनत. पाठीमागून मी गरम हवा फेकतो, थे कोनी पाह्यलं नाही. दरसाल ऊन चढलं, दरसाल लाइनीत फ्रीजर वाढले. मटनवाल्याकडे, मेडिकलात, आता त हारवालीकडेबी. अख्खी लाइन घरघरते. ऊन वाढलं म्हनून आम्ही, आम्ही वाढलो म्हनून ऊन. पुढं काय हुईन, इचारूच नका.

पन खरं भेव माह्या नळीत हाय. गॅस. तीनदा गळला. तिन्ही बारीनं राजदीप मिस्त्रीनं उरलेला फुस्सकन सोडला अन् नवा भरला.

"कुठं जाते रे हा?" कोकिळाबाईनं इचारलं.

"वर. देवाघरी," म्हनून हासला थो.

औंदा थो ट्रेनिंग करून आला. हासनं बंद.

"बाई, याच्यातला एक किलो गॅस गाड्यांच्या हजार किलो धुरापेक्षा हवा जास्त तापवते. भंगारात देशीन त पहिले मले बलाव. टाकीत काढून घेतो."

आज दोन नवे फ्रीजर येनार. जागा पाह्यजे म्हनून मले काढलं. भंगारवाला कपिल सकाळीच पक्कड घेऊन हजर. त्याले माही तांब्याची नळी पाह्यजे.

"थांब. राजदीप दिग्रसहून निंगाला," बाई म्हने.

"हवेले कोन पोत्यात भरते, मावशी? सरक."

बाई सरळ माह्या झाकनावर चढून बसली. "तोड आता."

कपिल पक्कड वाजवत उभा राह्यला. दिग्रसच्या दोन एसट्या आल्या. राजदीप उतरला नाही.

मंग नव्या फ्रीजरचा टेम्पो आला. डायवर हार्नावर हार्न. "बाई, सही करता का माल वापस नेऊ?"

बाईनं कपिलकडे डोळे वटारले. "हात लावजो नको." अन् उतरली.

कपिल वाकला. पक्कड नळीले लागली हाय.

मित्रांनो, तुमच्या घरचा जुना फ्रीज निंगन तव्हा टाकीवाला येईस्तोवर झाकनावरून उठू नका. एका सहीपुरतंबी नाही.