पंकजची चारही चाकं

पंकजने गाडी घेतली तेव्हा कोपरगावात तिची मिरवणूक निघाली. बॉनेटवर हार, सनरूफमधून अर्धा बाहेर आलेला पंकज आणि मागे मित्रांच्या तीन गाड्या. गाडी म्हणाल तर छोटीशी, जर्मन, पाच दारांची. दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि ताकद चारही चाकांना. अशा गाडीला वळणांचा रस्ता हवा असतो. पंकजला चौक हवा असायचा.

माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा, शुभांगीचा, हा धाकटा भाऊ. घरचा ऊस, ऊस वाहतुकीचे ट्रक, आणि वडील आबासाहेब गावातले वजनदार गृहस्थ. मी नगरला एका वाहन चाचणी केंद्रात इंजिनिअर आहे. ट्रक आणि जीप वळणांवरून, खड्ड्यांतून पळवायच्या आणि त्या कुठे चुकतात ते लिहून काढायचं, हे माझं काम. सावेडीतल्या फ्लॅटवरून कामावर मात्र मी स्कूटरने जाते. याचं पंकजला फार हसू यायचं.

"प्रज्ञाताई, तुमचं सगळं ट्रकचं ज्ञान. आमची गाडी वेगळी आहे," तो म्हणायचा. "तीनशे ऐंशी हॉर्सपॉवर. शंभरला सव्वाचार सेकंदात."

त्यातल्या तीनशे कंपनीने दिल्या होत्या. उरलेल्या ऐंशी पुण्याच्या कुण्या ट्यूनरने लॅपटॉप जोडून काढल्या, आणि वर सायलेन्सरमधून फटाक्यांसारखे आवाज फुकट दिले. मूळचं इंजिन गुणी होतं, खालपासून सरळ ओढणारं. आता ते मिनिटाला तीन हजार फेऱ्यांपर्यंत ढिम्म बसून राहायचं आणि मग एकदम अंगावर यायचं. पंकजला तेच आवडायचं. पाठीला धक्का बसला की आपण काहीतरी करून दाखवलं असं त्याला वाटत असावं.

ऑक्टोबरात सुप्याजवळ ऑटोक्रॉस होती. मुरमाच्या मोकळ्या मैदानात शंकू मांडून वाट आखतात आणि एकेकाने घड्याळ लावून गाडी पळवायची. पंकजने नाव दिलं. शुभांगीचा फोन आला, "तू जा ना त्याच्याबरोबर. तो माझं ऐकत नाही."

"माझं कुठे ऐकतो?"

"तुझ्यासमोर बोलतो तरी कमी."

तो बोलला कमी, पण गाडी तशीच चालवली. सकाळच्या सरावात मी शेजारी बसले होते. लाल दिवा, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही दाबून धरलेले, हिरवा दिवा, आणि गाडी उडाली. इथवर सगळं सॉफ्टवेअरचं कर्तृत्व. पहिलं वळण आलं तेव्हा त्याने उशिरा ब्रेक दाबला, स्टीअरिंग पूर्ण फिरवलं आणि पुन्हा ॲक्सिलरेटर तळाला नेला. पुढची चाकं वळलेली आणि गाडी सरळ. तीन शंकू पडले.

"टायर बेकार आहेत," पंकज म्हणाला.

"टायर चांगले आहेत. तू त्यांना एकाच वेळी वळायला, थांबायला आणि पळायला सांगतोयस."

"चारही चाकं ओढतात ताई. पकड जायचा प्रश्नच येत नाही."

मी त्याला समजावून सांगितलं. इंजिन पुढे आडवं बसवलेलं, सगळं वजन नाकावर. ताकद आधी पुढच्या चाकांना जाते. मागच्यांना किती द्यायची ते मागच्या बाजूला बसवलेला एक क्लच ठरवतो. चार चाकं ओढतात ती निघताना आणि वळणातून बाहेर पडताना. वळणात शिरताना ती गाडीही इतरांसारखीच. त्याने मान हलवली आणि पुढची फेरी तंतोतंत तशीच मारली. सहाव्यांदा जागेवरून उडी मारली तेव्हा तो मागचा क्लच तापला. पडद्यावर सूचना आली आणि मागच्या चाकांना ताकद जायची बंद झाली.

"फसवलं आपल्याला," पंकज म्हणाला. त्याने लगेच फोन काढला, शोरूमला झाडायला.

"वीस मिनिटं थांब. थंड झाला की आपोआप चालू होईल."

वीस मिनिटांनी तो म्हणाला, "तुम्हीच दाखवा मग." आवाजात तिरकसपणा होता. सराव असल्याने कुणी चालवायची याला बंधन नव्हतं. मी हेल्मेट घातलं.

मला सगळं खरं सांगायला हवं. त्या पावणेदोन मिनिटांत मी पंकजला पूर्ण विसरले. ब्रेक लवकर, सरळ रेषेत. नाक खाली बसलं की स्टीअरिंग, हळू, एकदाच. आणि गाडी वळायला लागली की उजवा पाय थोडा थोडा खाली. मग मागची चाकं जागी झाली. त्यांनी गाडीला मागून ढकललं, मागचा भाग बोटभर बाहेर सरकला आणि नाक आपसूक पुढच्या शंकूकडे वळलं. ते इंजिनही, तीन हजारांच्या खाली येऊ दिलं नाही तर, एकसंध ओढत होतं. इतकं शहाणं यंत्र मी कित्येक वर्षांत चालवलं नव्हतं. आणि त्याच्या नशिबी पंकज.

घड्याळात मी त्याच्यापेक्षा अकरा सेकंदांनी पुढे होते. स्पर्धेत तो चौदा जणांत बारावा आला. एका जुन्या मारुतीनेही त्याला मागे टाकलं.

दोन दिवसांनी मोबाईलवर रील आली. मैदान, धूळ, सुंदर वळणारी ती गाडी, हेल्मेटमधलं डोकं. फेरी माझी होती. खाली लिहिलं होतं, 'पंकजशेठचा नाद करायचा नाय.' तीस हजार लोकांनी पाहिली. मी फक्त शुभांगीला सांगितलं. पंकजकडे तक्रार करण्याइतकाही मान त्याला द्यावासा वाटला नाही.

पण गावाने रील खरी मानली. नोव्हेंबरात युवा मंडळाच्या वर्धापनदिनी पंकजशेठचं प्रात्यक्षिक ठरलं. त्याने मला फोन केला. "ताई, फक्त हेल्मेट घालून माझ्या जागी बसायचं. कुणाला कळणार नाही."

"नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला. कार्यक्रमाला मात्र गेले. शुभांगीने बोलावलं होतं, आणि मलाही बघायचं होतं.

मैदानाच्या कडेला लावणीचा ऊस होता, दोनच दिवसांपूर्वी भिजवलेला. पाचशे माणसं. पंकज उडाला, फटाके वाजले, लोकांनी शिट्ट्या मारल्या. वळण आलं. त्याने उशिरा ब्रेक दाबला, स्टीअरिंग फिरवलं, पाय तळाला नेला. गाडी शंकू घेऊन सरळ बांधावरून उसात गेली. सुदैवाने त्या बाजूला कुणी उभं नव्हतं. तो बाहेर पडायला आणखी ॲक्सिलरेटर दाबत राहिला. चारही चाकांनी काळ्या मातीत चार खड्डे खणले आणि गाडी पोटावर टेकली.

शेत भिमाजी नावाच्या म्हाताऱ्याचं. तो ट्रॅक्टर घेऊन आला, साखळी अडकवली आणि शांतपणे विचारलं, "चारी चाकं वढत्यात म्हंत हुता ना? मग आडाकली कशी?"

"सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे," पंकज म्हणाला.

"व्हय का. आन माज्या उसात बी सॉफ्टवेअरच शिरलं व्हय?"

लोक हसले. ट्रॅक्टरने गाडी ओढून बांधावर आणली. आबासाहेब खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "सुप्याला तर चांगली चालवली होती."

"ती त्याने नव्हती चालवली," शुभांगी म्हणाली. आवाज चढवला नाही, पण आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं. "ती प्रज्ञा होती. रीलमध्ये हिची फेरी आहे."

आबासाहेबांनी मुलाकडे पाहिलं. पंकज बुटाची माती काढण्यात गुंतला होता. मग त्यांनी त्याच्यापुढे हात केला आणि किल्ली घेतली. "प्रज्ञा, गाडी घरी घेऊन चल बाळ."

"काका, शुभांगी चालवेल," मी म्हणाले. "मी शेजारी बसते."

शुभांगीने त्या गाडीला आजवर हातही लावला नव्हता. तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी ती चाळीसच्या वर गेली नाही. पण गल्लीच्या वळणावर तिने आधी ब्रेक सोडला, मग पाय दिला, आणि स्वतःच म्हणाली, "आता मागून ढकलतेय." हे तिच्या भावाला वर्षभरात कळलं नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी ती गाडी घेऊन नगरला येऊ लागली. तिने ट्यूनरची ऐंशी हॉर्सपॉवर आणि फटाके काढून टाकायला लावले. इंजिन पुन्हा माणसात आलं. फेब्रुवारीच्या स्पर्धेत ती महिलांमध्ये दुसरी आली.

पंकज दोरीपलीकडे उभा होता. तिची फेरी संपली तेव्हा तो शेजारच्याला सांगत होता, "गाडी माझीच आहे. मी चालवली असती तर पहिला नंबर होता."

त्या शेजारच्या माणसाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि चहा आणायला निघून गेला.