नुसतं पाणी

माझी धाकटी बहीण ग्वेन दर वसंतात शरीर धुऊन काढायची. आमच्या सेडोना गावात याचं कुणाला नवल वाटत नाही. कुणी गालिचे धुतं, कुणी आतडी. लिंबू, मेपलचा पाक आणि चिमूटभर लाल तिखट घातलेलं पाणी पीत राहायचं, अन्नाला शिवायचं नाही, की वर्षभराचं विष निघून जातं म्हणे. मी केस कापण्याचं दुकान चालवता चालवता म्हातारी झाले, त्यामुळे बायकांच्या डोक्यात काय काय शिरतं ते मला ठाऊक आहे. मी टोमणे मारायचे, ती हसायची, आणि आठवड्याभरात आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात पॅनकेक हाणत बसायचो.

यंदा मात्र मॅरिस आली. ही बाई कुठून उगवली कोण जाणे, पण तिने ग्वेनच्या दिवाणखान्यात बायकांचं शिबिर भरवलं. लिंबू आणि पाक म्हणजे बालवाडी, असं तिचं म्हणणं. खरी शुद्धी नुसत्या पाण्याने होते. पूर्वी या बायका सकाळी मिठाचं पाणी प्यायच्या, तेही तिने बंद केलं, कारण मीठ विषाला धरून ठेवतं. शिवाय प्रत्येकीला एक साथी नेमून दिला. ग्वेनची साथी तिची लेक कॅसिडी. त्यासाठी ती फिनिक्सहून रजा काढून आली होती. सगळ्यांसमोर ग्वेनने तिला शपथ घातली, "मी कितीही गयावया केली, रडले, शिव्या दिल्या, तरी मला खायला द्यायचं नाही." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही तिथे होते. मी म्हटलं, "अति तिथे माती." कुणी लक्ष दिलं नाही.

मग एका सकाळी ग्वेनचा तिच्या घरच्या लँडलाइनवरून फोन आला.

"वर्ना, आई आलीय का तुझ्याकडे? तिला म्हणावं, किल्ली कुंडीखाली ठेव."

आई जाऊन किती वर्षं झाली होती! "ग्वेन, काय बोलतेस तू?" म्हणून विचारलं तर ती नुसती खिदळली आणि फोन खाली पडल्याचा आवाज आला. मी दुकान तसंच उघडं टाकून गाडीत बसले.

दारात शिबिरातल्या बायकांनी फोन ठेवायची टोपली होती. मी माझा फोन खिशातच ठेवला. आत बायका अर्धगोल करून बसल्या होत्या आणि समोर चटईवर ग्वेन, भिंतीला टेकून. तोंड सुजलेलं, बोटं फुगलेली, अंगठी मांसात रुतलेली. शेजारच्या बादलीत ती ओकली होती, पण ओकारीत पाण्याशिवाय काही नव्हतं. मांडीवर काचेची मोठी बरणी, पाण्याने भरलेली.

"या, या," मॅरिस उठून म्हणाली. तिचा चेहरा अगदी आनंदी होता. "तुम्ही योग्य वेळी आलात. ग्वेनचं विष सुटायला लागलंय. डोकं दुखतंय, उलट्या होतायत, जुन्या आठवणी वर येतायत. सगळ्या चांगल्या खुणा."

"जुन्या आठवणी? अगं बये, ती मेलेल्या आईला शोधतेय!"

"ओरडू नका. तिला त्रास होईल."

ग्वेनने मान वळवली. तिने मला ओळखलं की नाही, कळलं नाही. मग ती लेकीकडे बघून लहान पोरीसारखी म्हणाली, "कॅस, एक खारं बिस्किट दे गं. एकच."

कॅसिडीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "नाही गं आई. तूच शपथ घातलीस ना मला?"

"मी मागे घेते शपथ."

"मागे घेईन असंही म्हणाली होतीस."

"ही ग्वेन बोलत नाहीये," मॅरिस म्हणाली. "तिच्या तोंडून विष बोलतंय. पाणी दे तिला."

आणि त्या पोरीने, रडत रडत, बरणी उचलून आईच्या ओठांना लावली. ग्वेन मुकाट्याने प्यायली. तिथे दुष्ट असं कुणीच नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. चोराला ओरडून पळवता येतं. या बायका माझ्या बहिणीच्या भल्यासाठी तिला मारत होत्या.

मी बरणी हिसकावली. अर्धं पाणी चटईवर सांडलं. दोघी-तिघी मला धरायला उठल्या. "हात लावाल तर याद राखा!" मी एवढ्या जोरात ओरडले की त्या थबकल्या. मी खिशातून फोन काढला. अँब्युलन्स बोलावून होते ना होते तोच ग्वेनची मान मागे गेली, दात आवळले आणि सगळं अंग झटके द्यायला लागलं. तिची टाच फरशीवर आपटत होती. "सुटतंय, सुटू द्या," मॅरिस पुटपुटली, पण ती मागे मागे सरकत होती. मी ग्वेनला कुशीवर वळवून धरून ठेवलं. देवाचं नाव घ्यायचं तेही मला सुचलं नाही.

अँब्युलन्सवाल्याने पहिला प्रश्न विचारला, "काय घेतलंय यांनी? गोळ्या? दारू?"

"छे!" कॅसिडी जवळजवळ रागावून म्हणाली. "काहीच नाही. नुसतं पाणी."

"काहीच नाही," बाकीच्याही म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या.

"किती पाणी, ते विचारा," मी म्हटलं.

त्याने विचारलं. कुणालाच सांगता येईना. पाणी कोण मोजतं? बरणी रिकामी झाली की साथीने भरायची, एवढाच नियम होता.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी मला आणि कॅसिडीला बाजूला घेतलं. एवढ्या पाण्याने रक्तातलं मीठ पातळ झालंय, मेंदूला सूज आलीय, त्या म्हणाल्या. मीठ परत वाढवायचं, पण हळूहळू. घाई केली तरी मेंदूला इजा होते. "आणि मी सांगेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. शुद्धीवर आल्यावर मागतील. द्यायचं नाही."

मॅरिस आली नाही. कॅसिडी कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसली. मी पलंगाला चिकटून बसले आणि ग्वेनचा श्वास ऐकत राहिले. मध्येच तो लांबला की माझा थांबायचा.

दुपार कलताना तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी नीट ओळखलं. माझ्या जिवात जीव आला. रडूच फुटलं मला.

"वर्ना," ती म्हणाली. तिची जीभ टाळूला चिकटत होती. "पाणी."

"आत्ता नाही गं राणी."

"घोटभर."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"ओठ तरी ओले कर." तिने माझं मनगट धरलं. बोटं अजून फुगलेलीच होती. "घसा जळतोय गं. तू तरी अशी वागू नकोस."

"ग्वेन, तुझ्या भल्यासाठीच," मी म्हटलं, आणि माझ्या तोंडून निघालेले शब्द माझ्याच कानांना ओळखीचे वाटले.

"माझ्याकडेही तिने असंच बघितलं होतं," कोपऱ्यातून कॅसिडी हळूच म्हणाली.

डॉक्टरीणबाई शिकलेल्या होत्या, त्यांच्या हातात रक्ताचा अहवाल होता, हे सगळं मला कळत होतं. पण ग्वेन माझं मनगट सोडत नव्हती, आणि मी तिला नाही म्हणत होते, कुणीतरी सांगितलं म्हणून. मी बेल दाबली. नर्स आली.

"पाणी नक्की द्यायचं नाही ना?"

"नक्की नाही. मीठ वाढतंय, काळजी करू नका."

ती गेली. ग्वेनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी पुन्हा बेल दाबली.