कोरगावच्या पाच पेट्या

माझ्या सुनेला मोठ्यांचा मान ठेवता येत नाही. श्रद्धा तिचं नाव, सावंतवाडीची, बीएस्सी शिकलेली. आमच्या डिचोलीच्या घराला लागून असलेल्या हॅचरीच्या दारात तिने औषधाच्या पाण्याचा टब ठेवलाय. आत शिरणाऱ्या प्रत्येकाने त्यात पाय बुडवायचे. प्रत्येकाने म्हणजे मीसुद्धा. माझ्या नवऱ्याने दोनशे अंड्यांवर हा धंदा उभा केला तेव्हा कंदिलापुढे एकेक अंडं धरून आतला जीव मी बघत होते. आणि ही काल आलेली पोर कामगारांदेखत मला म्हणते, "आई, पाय." पुढे 'बुडवा' एवढंसुद्धा नाही.

तिच्याशी मी मुद्दाम शुद्ध मराठी बोलते, नाहीतर तिला वाटायचं सासू चौथी नापास. आहे मी चौथी नापास. पण एकविसाव्या दिवशी अंडं फुटतं हे मला शाळेने शिकवलं नव्हतं.

मुलगा साईश बोटीवर असतो, सहा महिने समुद्रात. मागे हिचंच राज्य. हिचा सगळा जीव चिठ्ठ्यांत. पिल्लांच्या प्रत्येक पेटीवर चिठ्ठी: अंडी कुठल्या नंबरच्या कळपाची, मशीनमध्ये कधी घातली, पिल्लं कधी निघाली, कुणाच्या शेडवर जाणार. तेच मग कॉम्प्युटरवर. मी विचारलं, "पिल्लांच्या पत्रिका काढतेस काय गो?" हसलीसुद्धा नाही. म्हणाली, "एक दिवस लागेल ती पत्रिका."

तो दिवस आज उजाडला.

पण आधी पाच दिवसांमागचं, चवथीच्या म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवसाचं सांगायला हवं. माझी सोनाली यंदा वैशाखात कोरगावला दिली. लग्नानंतरची पहिली चवथ, म्हणजे माहेरचं ओझं जायलाच हवं. नेवऱ्या, लाडू, पाच नारळ, केळीचा घड, सगळं माझ्या हाताने बांधलं. त्याच गाडीतून जावयाच्या नव्या शेडची पाचशे पिल्लं जायची होती, शंभराच्या पाच पेट्या. ओझ्यात पिल्लं घालत नाहीत, ठाऊक आहे मला. पण गाडी एकच, दार एकच. कोरगावची माणसं आधी झाकण उघडून बघणार आणि मग नेवरी तोंडात टाकणार.

मीही झाकण उघडलं. आत चिमणीएवढी पिल्लं! पहिल्यांदाच अंडी घालणाऱ्या तलंगांच्या बारक्या अंड्यांतली. आणि शेजारी आमच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या, धारगळच्या गोकुळदासच्या पाच पेट्या, त्यात कशी गुबगुबीत, पिवळीधमक, नऊ नंबर कळपाची. म्हटलं, गोकुळदास काय, कशीही वाढवील. माझ्या चेडवाच्या पहिल्या ओझ्याबरोबर ही किडूकमिडूक जाणार? श्रद्धा फोनवर होती. मी ओल्या बोटाने चिठ्ठ्या अलगद सोडवल्या आणि इकडच्या तिकडे चिकटवल्या. दहा चिठ्ठ्या. चहा निवायच्या आत झालं.

आज सकाळी अकराला अंडी पुरवणाऱ्यांचा फोन आला. श्रद्धा उभी होती ती खुर्चीत बसली. नऊ नंबरच्या कळपाच्या रक्तात पांढऱ्या हगवणीचा रोग निघाला होता.

हा रोग मी लहानपणापासून ओळखते. आईच्या पोटातून अंड्यात उतरतो, अंड्यातून पिल्लात. पिल्लू चार दिवस बरं दिसतं, मग मान टाकतं. एकाचं दहांना, दहांचं शेडभर.

श्रद्धाने कॉम्प्युटर उघडला आणि दोन मिनिटांत म्हणाली, "नऊ नंबरच्या त्या दिवशी पाचच पेट्या होत्या. धारगळ, गोकुळदासकाका. डॉक्टरांना तिकडेच बोलावते. पिल्लं मारून चुन्यात पुरायला लागतील."

माझ्या हातात पोळ्यांचं पीठ होतं. हात तसाच राहिला.

कारण काल सोनालीचा फोन आला होता. "आई, दोन-चार पिल्लां मान टाकून बसली हत. शेपटेखाली चुनो लागल्यासारख्या दिसता." मी तिला म्हटलं, गुळाचं पाणी दे, प्रवासाने दमली असतील. ती पुढे म्हणाली होती ते आता आठवलं: "उद्या दुपारी पत्रो काढून सगळी एकत्र सोडतलंव."

नवी पिल्लं पहिले चार-पाच दिवस पत्र्याच्या गोल रिंगणात दिव्याखाली ठेवतात. त्याच शेडमध्ये, रिंगणाबाहेर, जावयाची आधीची दीड हजार पिल्लं होती. पत्रा निघाला की दोन हजारांत रोग.

मी मागच्या दारी जाऊन सोनालीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. घड्याळात अकरा वाजून गेले होते. बोटांचं पीठ फोनला चिकटलं.

खोटं कशाला सांगू, मनात आलंच. सोनालीला गुपचूप सांगावं, ती पाचशे पुरून टाक. धारगळची जातील ती जातील. कुणाला कळणार? कागदावर सगळं बरोबर आहे. पण सोनाली फोनच उचलत नव्हती, आणि आत श्रद्धाचा फोन वाजला. गोकुळदास. त्याचा आवाज दारापर्यंत येत होता.

"सासूक दी तुझ्या!"

मी फोन घेतला.

"सुमंगलावयनी, माझी पिल्लां उडये मारतत गे! एक पण मरूक नाय! ह्या चेडवाचो कागद चुकलो आसतलो. बरी जित्ती पिल्लां कशी पुरू मी?"

श्रद्धाने फोन परत घेतला. "काका, माझा कागद चुकत नाही. डॉक्टर निघालेत." मग बाहेर बघून ओरडली, "तुषार, चुन्याची पोती चढवली का?"

तुषार आमचा ड्रायव्हर. त्याने चावी फिरवली. गाडीचा आवाज झाला आणि मला सोनालीचं शेड दिसलं. ती वाकलीय, पत्र्याची तार सोडवतेय, आणि पिल्लं चिवचिवत बाहेर पळतायत. माझ्या ओझ्याची पिल्लं.

"गाडी थांबव," मी म्हटलं. तोंडातून शुद्ध भाषा निघेना. "श्रद्धा, चिठ्ये मी बदललंय."

ती वळली. पांढरी पडली होती.

"पाचय?"

"पाचय. कोरगावाक गेली ती. सोनाली फोन उचलणा नाय. दुपारी पत्रो काढतली."

मी वाट बघत होते की ही आता ओरडेल. चार माणसांत माझी लाज काढेल. मी असते तर काढली असती. तिने फक्त जावयाला फोन लावला. दोन वेळा वाजला, तिसऱ्यांदा उचलला.

"भावोजी, सोनाली कुठे आहे? शेडमध्ये? धावत जा. पत्र्याला हात लावू देऊ नका. फोन चालूच ठेवा, धावा!"

मग फोनातून नुसती धाप, चिखलात पाय पडल्याचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं. मी खांब धरून उभी होते. कुलदेवतेचं नाव आठवेना. शेवटी लांबून सोनालीचा आवाज आला, "एक तार सोडवलंय फक्त. काय झाला?"

श्रद्धाने डोळे मिटले. "परत बांध," ती म्हणाली. "आणि बाहेर ये. चप्पल तिथेच टाक."

तुषारची गाडी धारगळऐवजी कोरगावला गेली, डॉक्टरही तिकडे वळले. पाचशे पिल्लं चुन्यात गेली. दीड हजारांचं डॉक्टर आज काही बोलले नाहीत. तीन आठवडे रोज सकाळी मेलेली पिल्लं मोजून कळवायची. सोनालीने फोन केला, पण माझ्याशी बोलली नाही. उद्या सकाळचा आकडा काय येईल या भीतीने मी जेवले नाही.

चार वाजता श्रद्धा कॉम्प्युटरवरची नोंद दुरुस्त करत होती. मी दारात उभी राहून बघितलं.

"काय लिहितेस?"

"चिठ्ठ्या बदलल्या गेल्या, असं."

"बदलल्या गेल्या? त्यांना पाय होते?"

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली.

मी टबाजवळ गेले. आधी उजवा पाय बुडवला, मग डावा, आणि सगळ्या कामगारांना ऐकू जाईल असं म्हटलं, "लिही, सासूने बदलल्या. सुमंगलेने. आणि ऐक, तू चढेल आहेस, मोठ्यांशी बोलायची तुला रीत नाही, हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण हॅचरी तुझ्याच हातात राहील. उद्यापासून माझ्या हातात पेटी दिसली, तर आधी चिठ्ठी बघायची, मग सासूचं तोंड."