हत्ती कसा असतो

"घरात कोणती भाषा बोलता?" पुण्याहून आलेल्या सरांनी विचारलं, आणि शरणप्पाने मांडीवरची टोपी मुठीत चुरगाळली.

"मराठी की साहेब. फक्त मराठी."

"फक्त?"

"दुसरा भाषाच नाही आमच्यात."

'दुसरा भाषा' म्हणताना त्याच्या मराठीने तिथल्या तिथे चुगली केली. सरांनी चष्म्यावरून एकदा पाहिलंसुद्धा. पण बापच इतक्या ठासून सांगतोय म्हटल्यावर त्यांनी तसं लिहून घेतलं.

"हे बघा," ते समजुतीने म्हणाले, "ही काही पास-नापासाची परीक्षा नव्हे. मुलीला काय जमतं, कुठे अडतं, एवढंच बघायचंय. तेव्हा मोकळेपणाने सांगा सगळं."

शरणप्पाने मान हलवली. समोर कागद, हातात पेन आणि मध्ये टेबल. याला परीक्षा नाही म्हणायचं तर मग म्हणायचं कशाला?

टेबलाच्या अलीकडे त्याची लेक ईरम्मा, घरातली ईरी, पाय लोंबकळत बसली होती. सहा वर्षांची, दोन शेपटे, त्यांना आईने घट्ट बांधलेल्या लाल रिबिनी. दुष्काळ सरला तसं तिला आजोळहून, दुधनीकडून, सोलापूरला आणलं आणि पहिलीत घातलं. तेव्हापासून वर्गात ती तोंड उघडेल तर शपथ. वर्गाच्या बाई म्हणाल्या, मुलगी मंद वाटते. मुख्याध्यापिका उमराणीकर बाई म्हणाल्या, असं कुणाला उगाच मंद म्हणू नये, पुण्याचे सर येणार आहेत, ते बुद्धी तपासतील. त्यांनीच तसं सांगितलं तर मात्र तिला खाली बालवाडीत बसवावं लागेल.

बालवाडीत! नाक पुसता न येणाऱ्या पोरांत! शरणप्पाला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, घरात कानडी बोलतो हे सांगायला या माणसाचं काय जात होतं? तर त्याचं जायचं ते मिलमध्ये आधीच गेलं होतं. नवा नवा टाइम-ऑफिसात, म्हणजे हजेरी-खात्यात, लागला तेव्हा रजेचं कारण सांगताना तो भर खात्यात म्हणाला होता, "माझा बायको गावाला गेला." बस्स. त्या दिवसापासून त्याचं बारसं झालं. गेटवरचा ज्ञानबा अजून रोज विचारायचा, "काय शरणप्पा, तुजा बायको बरा हाय न्हवं?" नवी भरती झालेली पोरंसुद्धा नोकरीच्या आधी हा विनोद शिकायची. शरणप्पाही हसायचा. आपल्यावर हसू येणार असं दिसलं की सगळ्यांच्या आधी आपणच हसून मोकळं व्हायचं, ही त्याची युक्ती होती. पण आपल्या लेकीला कुणी हसता कामा नये, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून आदल्या संध्याकाळी त्याने ईरीला समोर बसवून बजावलं: सरांपुढे कानडीचा एक शब्द नाही, जे विचारतील त्याचं उत्तर मराठीतच द्यायचं. हे सगळं अर्थात त्याला कानडीतच सांगावं लागलं.

आणि पोरगी शहाण्यासारखी ऐकत होती की! सरांनी रंगीत ठोकळे दिले, तिने बघता बघता चित्राबरहुकूम जुळवले. माणूस काढ म्हटलं, तर तिने गळ्यात लिंगाची डबी असलेला, मिशीवाला, टोपीवाला माणूस काढला. सरांनी कागदावरून शरणप्पाकडे पाहिलं आणि हसले. "वा, बाबाच की हे."

शरणप्पाचा जीव खाली पडला.

"आता नुसतं आठवून सांगायचं हं," सर म्हणाले. "हत्ती. हत्ती कसा असतो?"

ईरीचा चेहरा उजळला. हे तर तिला पाठ होतं.

"पांढरा," ती म्हणाली.

"पांढरा?"

"मऊ. मऊ मऊ." तिने चिमटीत काहीतरी धरून ओठांजवळ नेलं. "फू केलं की उडतो."

शेजारी बसलेल्या उमराणीकर बाईंनी पदर तोंडाला लावला. सरांनाही हसू आवरेना. आणि शरणप्पा? तो सगळ्यांत मोठ्यांदा हसला. मिलमधलं ते तयार हसू त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

ईरीने सरांकडे नाही, बाईंकडे नाही, बापाकडे पाहिलं. मग चिमूट सोडली आणि हात मांडीखाली दाबून बसली. त्यानंतर सरांनी कावळा विचारला, पाऊस विचारला, आईचं नाव विचारलं. तिने ओठ उघडले नाहीत.

घरी आल्यावर शरणप्पा न्हाणीत पाय धूत होता. त्याची बायको सावित्रम्मा देवासमोर वाती वळत बसली होती. डबा उपडा करून ती आतूनच म्हणाली, "हत्ती तगोंड बर्री." कापूस संपलाय, घेऊन या.

हत्ती!

शरणप्पाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. कानडीत हत्ती म्हणजे कापूस. सोंडेवाल्याला तर कानडीत आने म्हणतात. आणि ईरीच्या वर्गात मुळाक्षरं अजून 'ह' पर्यंत पोचलीच नव्हती. पांढरा, मऊ, फू केलं की उडतो. पोरीने एक अक्षर चुकवलं नव्हतं. वर बापाचं ऐकून सगळं मराठीत सांगितलं होतं. आणि आपल्याला कळू नये? पण कळणार कसं? त्या खोलीत शिरताना त्याने आपली कानडी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो शाळेत गेला. उमराणीकर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. या वेळी त्या हसल्या नाहीत.

"अहो, सर तर अहवाल देऊन गेले पुण्याला. आणि तुम्हीच म्हणालात ना, घरात मराठीच म्हणून?"

"म्हटलो की."

"कानडी येणाऱ्या बाई आहेत आपल्याकडे. त्यांना शेजारी बसवलं असतं. त्यासाठीच विचारतात हो ते."

"लाज वाटली, बाई."

"कशाची?"

त्याचं मराठी शरणप्पाला जमलं नाही.

"पुढल्या वर्षी येतील ते, तेव्हा परत तपासू," बाई म्हणाल्या. "तोवर बसू दे बालवाडीत. एक वर्ष तर आहे."

संध्याकाळी त्याने ईरीला जवळ घेतलं आणि कानडीत समजावलं, की तुझं बरोबर होतं, चूक माझी होती, अप्पा उगाच हसला. तिने ऐकून घेतलं.

"हत्ती काळा असतो," ती मराठीत म्हणाली. "त्याला सोंड असते."

शाळेतल्या पोरांनी तोवर तिला शिकवलं होतं.

वर्ष गेलं. पुण्याचे सर पुन्हा आले, कानडीवाल्या बाई शेजारी बसल्या, पण त्यांचं काही कामच पडलं नाही. ईरीने सगळ्या प्रश्नांची उत्तरं धडाधड मराठीत दिली, बालवाडीच्या बाईंसारखी हात हलवून. सर म्हणाले, मुलगी चांगली हुशार आहे, हिला खाली कुणी बसवलं? बाईंनी शरणप्पाकडे पाहिलं, आणि तो टोपी नीट करू लागला.

त्या दिवशी सावित्रम्माने गव्हाची गोड खीर, हुग्गी, केली, वर तुपाची धार सोडली. तिघं जेवायला बसली. लेकीच्या ताटात आणखी एक पळी वाढत सावित्रम्माने तिला कानडीत विचारलं, सरांनी काय काय विचारलं गं, तू काय सांगितलंस? भीती नाही ना वाटली?

"कशाला भीती?" ईरी जेवता जेवता मराठीत म्हणाली. "एकदम सोपं होतं. सर म्हणाले, मी हुशार आहे. आता मला पहिलीत घेणार."

सावित्रम्मा पळी हातात धरून लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"एन अंताळ?" तिने हळूच विचारलं. काय म्हणतेय ही?

शरणप्पाने हातातला घास ताटात परत ठेवला, आणि पोर काय म्हणाली ते तिच्या आईला सांगितलं.