गिरिजाबाईंची टॉकीज

सिद्धेश्वरच्या घरातून कुठलीच वस्तू सुखासुखी भंगारात जात नाही. लोहाऱ्याला तहसीलसमोर त्याचं अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून द्यायचं दुकान आहे. तिथं चौदा वर्षं राबलेला कॉम्प्युटर, लॅपटॉप आल्यावर घरी माळ्यावर जाऊन बसला. त्याची बायको भुवनेश्वरी दर दिवाळीला विचारायची, "अहो, हे धूड काढायचं कधी?" आणि हा दर दिवाळीला सांगायचा, "राहू दे, लागंल कधीतरी."

तो लागला आईसाठी. गिरिजाबाई आधी नावं विसरल्या, मग माणसं विसरल्या, आणि गेल्या पोळ्यापासून त्यांचं बोलणंच थांबलं. डॉक्टर म्हणाले, वयाचा आजार आहे, आवडीचं काहीतरी दाखवत राहा. आता आईला आवडतं काय, या साध्या प्रश्नापाशी सिद्धेश्वर पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यांदा अडला. लग्नाआधी माहेरच्या जत्रेत तंबूतले पिक्चर बघायची, असं ती कधीतरी बोलली होती, तेवढंच त्याला आठवलं. त्याला काही चमत्कार नको होता. आईनं एकदा आपल्याकडं बघावं आणि हा आपला सिद्धू आहे हे तिला कळावं, एवढ्यावर त्याचं समाधान होतं.

टीव्ही होता, पण बातम्यांच्या आरडाओरड्यानं आणि जाहिरातींनी गिरिजाबाई दचकून तोंड फिरवायच्या. मोबाइलचा पडदा डोळ्यांना पुरत नव्हता. शेवटी त्यानं माळ्यावरचं धूड खाली काढलं आणि स्कूटरवर बांधून स्टँडजवळच्या आयुबकडं नेलं. आयुब डिश बसवतो, कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकाची यथेच्छ टिंगल करतो.

"ह्याच्यापेक्षा नवीन घे की यार," आयुब म्हणाला. "ह्याची उमर झाली."

"उमर झाली म्हणून फेकून देत्यात का?" सिद्धेश्वर म्हणाला. त्यावर आयुबनं गुपचूप स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला.

दोघांनी मिळून चार दिवस त्या डब्याचा पिच्छा पुरवला. पंक्चरवाल्याच्या पाइपनं हवा मारली तेव्हा चौदा वर्षांच्या प्रतिज्ञापत्रांची भुकटी झाल्यासारखी धूळ उडाली. पंखा रसवंतीच्या चरकासारखा कुरकुरत होता, तो बदलला. जुनी डिस्क काढून छोटी, वेगवान बसवली. टीव्हीला जोडायची सोयच जुन्या मशीनला नव्हती, तर आयुबनं मधे एक डबी लावून तीही केली. मग टाइपिंग, इंटरनेट, प्रिंटर सगळं पुसून टाकलं आणि सिनेमा चालवायचं तेवढं ठेवलं.

"आता ह्याला दुसरं कायबी येत न्हाय," आयुब हात पुसत म्हणाला. "बटन दाबलं की थेट पिक्चर. एक संपला की दुसरा. माझ्याकडचं जे व्हतं ते सगळं टाकलंय, पुराने पिक्चर लई हायेत. अम्मीला म्हणावं, आयुबनं टॉकीज दिलीय."

मधल्या खोलीच्या खिडकीला भुवनेश्वरीनं वाकळ टांगली. दुपारी दोन वाजता पत्रा तापून टकटक वाजायला लागला की सिद्धेश्वर दुकान बंद करून यायचा, आईला आरामखुर्चीत बसवायचा आणि बटण दाबायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं चांगले चांगले मराठी पिक्चर लावले. गिरिजाबाई छताच्या पंख्याकडं बघत बसल्या. स्वतःच्या खटाटोपाचं त्यालाच हसू आलं, आणि मग हसूही येईना.

आठव्या दिवशी मराठी पिक्चर संपला आणि मशीननं आपल्या मनानं पुढचा लावला. काळा-पांढरा, कुठला तरी जुना, कानडी. कुण्या खेड्यातली एक बाई नदीवर घागर घासत होती आणि काठावरच्या म्हशीला शिव्या घालत होती. चुकून आलाय म्हणून सिद्धेश्वरनं आयुबनं मशीनसोबत दिलेला रिमोट उचलला, तेवढ्यात आई हसली.

नुसती हसली नाही. पडद्यावरच्या त्या बाईला कानडीत काहीतरी म्हणाली. वर्षभर बंद असलेला आवाज जरा घोगरा झाला होता, पण तिचाच होता. सिद्धेश्वरच्या हातातला रिमोट तसाच राहिला.

गिरिजाबाईंचं माहेर आळंदकडचं, कानडी मुलखातलं. लग्न होऊन लोहाऱ्यात आल्या आणि मराठी शिकल्या, पण लेकराशी कानडीत बोलायच्या. सिद्धेश्वर पहिलीत गेला आणि तहान लागली म्हणून त्यानं गुरुजींकडं 'नीरु' मागितलं. पोरांनी लगेच त्याचं नाव निऱ्या ठेवलं. निऱ्या म्हणजे लुगड्याच्या, हे सांगायला नकोच. वर्षभर पोरं त्याच्या चड्डीला हात लावून निऱ्या सुटल्या म्हणायची. एके दिवशी घरी येऊन त्यानं दप्तर आपटलं आणि आईला बजावलं, "माझ्यासमोर कानडी बोलायचं न्हाय." सहा वर्षांच्या पोराचा हुकूम त्या माउलीनं जन्मभर पाळला. भावाचा फोन आला तरी परसात जाऊन हळू आवाजात बोलायची. सिद्धेश्वर ती भाषा साफ विसरला, आणि आपण विसरलोय हेसुद्धा विसरला. आता त्या अंधाऱ्या खोलीत त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की आईकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्यानं आयुबकडून कानडी पिक्चर तेवढे वेगळे करून आणले.

मग दुपारी कशा गेल्या ते सांगणं अवघड आहे. वाकळीच्या भोकातून उन्हाचा एक कवडसा यायचा आणि जमिनीवरून हळूहळू सरकायचा, तेवढंच त्या खोलीतलं घड्याळ. पडद्यावरची नदी भिंतीवर हलायची, आणि गिरिजाबाई खुर्चीत बसल्या बसल्या पाय जरा वर उचलायच्या, लुगडं भिजू नये म्हणून. कुणाला जेवायला बोलवायच्या, कुणाच्या लग्नात रुसायच्या. पिक्चर कुठं संपला आणि माहेर कुठं सुरू झालं ते त्यांना कळत नव्हतं, आणि थोड्या दिवसांनी सिद्धेश्वरलाही कळेना. मधूनच कधी म्हशींचा, कधी पाखरांचा आवाज यायचा, तो पडद्यातला की परसातला, याचा त्यानं शोध घेणं सोडून दिलं.

पण तो कान देऊन ऐकत होता. अडलेले शब्द कागदावर टिपायचा आणि आळंदहून येणाऱ्या एका फळवाल्याला सकाळी गाडा गाठून विचारायचा. फळवाला आधी हसला, मग रोज वाट बघायला लागला. कधी विचारायच्या आधीच अर्थ उमगायचा, जणू कुणी आतूनच सांगितला. महिन्याभरात तो आईचं निम्मंअर्धं बोलणं समजू लागला. तरी बोलायचा धीर होत नव्हता. आई पडद्याशी बोलायची आणि तो शेजारी बसून ऐकायचा.

मग एका दुपारी पिक्चर संपला आणि दुसरा लागायच्या आत गिरिजाबाई वळल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी त्याच्याकडं नीट बघितलं.

"नी यार मगा?" त्यांनी विचारलं.

तू कुणाचा मुलगा. फळवाल्याची गरज पडली नाही. सिद्धेश्वरनं शब्द जुळवले, मनात एकदा म्हणून बघितले आणि मग मोठ्यानं म्हटले, "निन्न मगा, अव्वा." तुझाच, आई.

गिरिजाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही, चुकून भलत्याच घरी आलेल्या पाव्हण्याकडं बघावं तशा मायेनं. मग त्यांनी मान हलवली.

"नन्न मगग कन्नड बरंगिल्ल."

माझ्या मुलाला कानडी येत नाही.

त्या पुढं वाकल्या, आवाज खाली आणला आणि त्याच्या हातावर हात ठेवून सांगू लागल्या. ते त्याला शब्द न् शब्द कळलं. त्याला आवडत नाही, पोरं हसतात त्याला. आत्ता शाळेत गेलाय. तो येईपर्यंत बोल माझ्याशी, मग गप्प बसू.

सिद्धेश्वरनं हात सोडवून घेतला नाही. रिमोट चाचपून पुढचा पिक्चर थांबवला आणि खुर्ची जवळ ओढली. मग होते नव्हते तेवढे शब्द गोळा करून बोलायला लागला, घराबद्दल, शेताबद्दल, आज काय भाजी केली त्याबद्दल. तो चुकला की गिरिजाबाई हसून दुरुस्त करत होत्या, आणि मधूनच दाराकडं बघत होत्या, मुलगा आला का म्हणून.